ताप खरा होता

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा, सिस्टर. छातीतली ही मोठी रक्तवाहिनी."

तीस वर्षं गावोगाव नर्स म्हणून फिरलेल्या वत्सलाबाई कुडतरकर पुढे सरकल्या. तीन महिने त्यांना रोज संध्याकाळी ताप येत होता, वजन सात किलोंनी उतरलं होतं आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. "आई, रिटायर झाल्यावर होतं असं, मनाचे खेळ असतात," असं मुलगा म्हणाला, तेव्हापासून त्यांनी ताप आल्याचं सांगणंच सोडलं होतं. शेवटी घटतं वजन पाहून डॉक्टरांनीच पेट-सीटी स्कॅन करायला सांगितला आणि आज सकाळी त्यासाठी त्यांना साखरेसारखं एक औषध टोचलं. शरीरात जिथे कॅन्सर किंवा सूज असेल किंवा जंतूंशी झगडा चालू असेल, तिथे ते गोळा होतं. पडद्यावर ती रक्तवाहिनी लखलखत होती.

"कॅन्सर नाही. रक्तवाहिनीला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे ताप खरा होता!" वत्सलाबाई कितीतरी दिवसांनी मोकळं हसल्या.

शेजारी उभ्या मुलाने मान खाली घातली. "चुकलं माझं, आई."

"असू दे रे. मीही कितीजणींना असंच म्हटलंय."

गोळ्या सुरू केल्यावर चौथ्या दिवशी ताप गेला. अंगात जरा बळ आल्यावर त्या शेजारच्या नलूकडे गेल्या. वर्षभर कंबर धरून बसलेली नलू ओशाळून म्हणाली, "एक्स-रेत काही नाही ना, सिस्टर. तुम्हीच म्हणाला होता."

वत्सलाबाईंनी खुर्ची ओढली आणि निवांत बसल्या.

"ते राहू दे. कुठे दुखतं, ते आज सगळं सांग."