मानाची जागा

ठेकेदार ओर्मोननं आमच्या वरच्या मजल्याची जमीन हवा भरलेल्या काँक्रीटच्या लाद्यांची केली आणि “पावासारख्या हलक्या, पण घोडा नाचवा,” म्हणत ओश शहराच्या बाजारात मिरवला. त्या मजल्यावर पणतूचा पाळणा मांडण्याआधी मी, पणजीनं, सोयऱ्यांना जेवायला बोलावलं. मानाची गादी दारापासून सर्वांत लांब घातली, पुढ्यात मेंढ्याचं डोकं ठेवलं. मजला बांधला म्हणून दोन्हींचा मान ओर्मोनचा. सगळे आत बसले. हा मात्र उंबऱ्यात बुटांपाशी टेकला. “पुढे ये रे, ती पोरासोरांची जागा.” “इथंच बरंय, आपा. वारा लागतो.” “डोकं काय दारात वाढू?” त्यानं लादीवर पाय ठेवला, मागे घेतला. “आपा, सगळ्यांना खाली न्या,” तो पुटपुटला. “भिंतीच्या लाद्या आहेत, स्वस्तातल्या, वजन पेलणार नाहीत.” मी एकेकाला अंगणात उतरवलं. मग ओर्मोनच्या देखत ते डोक्याचं ताट कुत्र्यापुढे ठेवलं. तोही उंबऱ्यातच बसतो, पण घर राखतो.