सिद्धूनं अकरा मोजले

पोटाएवढा वाळका भोपळा. बारा हात दोर. बांधाला बसलेली मेंढरं. पटक्याच्या घडीत पलटणीचा खाकी कागद. लंगोट लावलेली सातवीची एकोणीस पोरं. त्रेचाळीस सालचा माघ.

मळ्यातल्या विहिरीवर शनिवारची शाळा भरली होती. गेल्या पुरात गावची दोन लेकरं वाहून गेली, तेव्हापासून हंबीरराव मास्तर सातवीच्या पोरांच्या पाठीला भोपळा बांधून त्यांना पाण्यात सोडत. आज रांगेच्या शेवटी बिराप्पा उभा होता. माणदेशातला धनगर, दर साली मेंढरं घेऊन या ऊसपट्ट्यात उतरायचा. दाढी पांढरी, लंगोट कोरा.

"म्हातारबा, मेंढरं बी आणा की पवायला!" सिद्धू ओरडला. पोरं खिदळली.

"मेंढरू पवतं रं. कुत्रं बी पवतं. आमच्यात मलाच येत न्हाई. अन् माज्या अर्जुनाला येत नव्हतं."

हसू थांबलं. पलटणीत गेलेला बिराप्पाचा पोरगा बोटीसकट समुद्रात बुडाला, हे गावाला ठाऊक होतं.

"आवं, आता या वयात कशाला?" मास्तर हळूच म्हणाले.

"बगायचंय, गुरुजी."

"काय?"

"पाण्यात काय हुतं त्ये."

त्यानं पटका उतरवून सिद्धूच्या हातात दिला. "भिजू दिऊ नगंस. आत कागद हाय."

भोपळ्यानं त्याला अलगद उचललं. पाय सुटले. पोटाखालून गार पाणी सरकलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. बिराप्पा हातपाय मारत कसाबसा पायरीला लागला नि म्हणाला, "आता भोपळा सोडा."

"चार दिवस जाऊ द्या की."

"त्याला कुटं मिळालं चार दिस?"

मास्तरांनी वर न बघता गाठ सोडली. दोर मात्र त्याच्या कमरेला घट्ट बांधला. "हात वर करा, लगेच ओढतो."

बिराप्पानं पायरी सोडली.

वरचं आभाळ हिरवं झालं, मग काळं. नाकातोंडात पाणी शिरलं. उजवा हात आपोआप वर निघाला. त्यानं तो डाव्या हातानं धरून खाली ओढला.

मास्तर हात वर यायची वाट बघत थांबले नाहीत. चार पोरांनी मिळून दोर ओढला. पायरीवर पालथा पडून बिराप्पा खोकत राहिला. दम लागला तसाच बोलला, "किती येळ झाला?"

पटका छातीशी धरलेला सिद्धू म्हणाला, "म्या अकरा मोजलं, आज्जा."

"अकराच?" बिराप्पा पाण्याकडं बघत राहिला. "मला वाटलं लय झालं."

भरतीच्या दिवशी, कोरेगावात, साहेबानं विचारलं होतं, पोहता येतं का. अर्जुनाच्या पुढचा पोरगा "न्हाई" म्हणाला, त्याला रांगेतून बाजूला काढलं. अर्जुनानं तोंड उघडायच्या आत बिराप्पा म्हणाला होता, "व्हय सायेब, लय चांगलं येतं."