अडकलेला निरोप

शरयूचा मेल सकाळपासून घराबाहेरच पडत नव्हता. दुपारी ती चंद्रावरच्या नोकरीसाठी निघणार होती आणि आत्याचा निरोप घ्यायचा राहिला होता. बाबांनी राउटर बंद करून चालू केला, वायर काढली, फुंकर मारून पुन्हा लावली. बाकी सगळं तर व्यवस्थित चालत होतं.

शेवटी त्यांनी कंपनीला फोन लावला.

"काका, लाइन उत्तम आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "खोटा मजकूर राउटर अडवतो, माहितीये ना? शेवटची ओळ बघा."

शेवटची ओळ होती, "बरं आत्या, येते."

राउटरने शरयूचं तिकीट तपासलं होतं. ते फक्त जाण्याचं होतं.

"मग 'जाते' लिहून टाक," बाबा म्हणाले.

"काहीतरीच काय!" आई उखडली. "निघताना 'जाते' म्हणतं का कुणी?"

शरयूला हसू आलं. परतीचं नंतर बघू, असं ती महिनाभर म्हणत होती. तिने तिथल्या तिथे दिवाळीचं परतीचं तिकीट काढलं आणि मेल पुन्हा पाठवला. राउटरचा दिवा हिरवा झाला.

"गेला का?" बाबांनी विचारलं.

"गेला," आई डोळे पुसत म्हणाली. "आणि ही येतेय."