चिठ्ठीत आलेली बाजू

नातीला वादविवाद स्पर्धेत विषय मिळाला होता, ‘स्त्री-पुरुष सारखेच सक्षम आहेत का?’ तो ऐकताच दिनकररावांनी कपाटातला काळवंडलेला चषक काढून पुसायला घेतला.

“हा तुझ्या आजीचा. कॉलेजात चिठ्ठी उचलून बाजू ठरायची. मला ‘आहेत’ आलं, तिला ‘नाहीत’. निळ्या काठाची साडी नेसून आली आणि बायकांना काही जमत नाही, हे असं पटवून दिलं की परीक्षकसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. मी हरलो आणि तिथेच तिच्या प्रेमात पडलो.”

“मग आजी, तू वकील का नाही झालीस?” नातीनं विचारलं.

आजी मेथी निवडत होती. “कशी होणार? लग्नानंतर यांना माझे मुद्दे पटले.”

चषक केव्हाच लखलखीत झाला होता. दिनकरराव तो पुसतच राहिले.