उसवणारा मोजा

दिमयानाने लाल लोकरीच्या विणलेल्या तुकड्याचं टोक शोधलं आणि ओढलं. सर्रकन एक ओळ सुटली. तिने पुन्हा ओढलं, दुसरी सुटली.

"बघ गं हैलाना," ती शेजारणीला म्हणाली, "आमच्या सूनबाईंनी मोज्याचा तळवा केलाय. पायात घालेपर्यंत तरी टिकेल का, विचार तिला."

"तदरोसच्या आई, असं नका बोलू पोरीला," हैलाना म्हणाली, पण हसत म्हणाली. सूनबाई रिफकाही हसली. तिचा चेहरा मात्र उतरला होता.

"ओढल्यावर जे उरत नाही, त्याला काम म्हणत नाहीत," दिमयानाने निकाल दिला आणि तुकडा सुनेच्या हातात परत ठेवला. रिफकाने तो कोनाड्यात ठेवून दिला.

फुस्तात शहरातल्या त्या ख्रिस्ती गल्लीत मोजे व्हायचे ते सुईनेच. हाडाची एक जाड सुई आणि हातभर लोकर. प्रत्येक टाक्याला ती सगळी लोकर फासातून आरपार ओढायची आणि आवळायची. संपली की नवा तुकडा तोंडात ओला करून जुन्याला चोळून जोडायचा. सावकाशीचं काम, पण पक्कं. दिमयानाचा मोजा कात्रीने मधोमध कापला तरी सुटत नसे. ही गोष्ट ती गिऱ्हाइकाला सांगे, पाद्र्याला सांगे, कुणी विचारलं नाही तरी सांगे.

पण त्या कामात दर टाक्याला हात खांद्यापासून लांब जातो. तूबा महिन्याच्या थंडीत दिमयानाचा उजवा खांदा धरला, तो सुटलाच नाही. सुई ओढली की डोळ्यांत पाणी यायचं. ती कोपऱ्यात नुसती बसून राहू लागली. मसुराचं सार पुढ्यात निवून जाई, भाकरी अर्धी राही. शेवटी तिने मुलाला, तदरोसला, सांगून टाकलं, "या रविवारी मला म्हाताऱ्या बायकांच्या मठात पोचव. बसून खाल्लेली भाकरी मला गिळवत नाही." तदरोसने समजावलं, रागावून पाहिलं, रुसूनही पाहिलं. उपयोग शून्य. मठातल्या थोरल्या बाईंना निरोपसुद्धा गेला.

रिफकाला स्वतःची आई आठवत नव्हती. केस विंचरायला, तापात कपाळावर हात ठेवायला आणि घालूनपाडून बोलायलाही तिला हीच एक मिळाली होती. ही गेली की घर खायला उठणार होतं. म्हणून सासू सुई ओढताना कण्हत असे, तेव्हा रिफका सुईकडे नाही, खांद्याकडे बघत राहिली होती. लोकर आरपार ओढायचीच कशाला? फास एका काडीवर बसवून ठेवले आणि दुसऱ्या काडीने प्रत्येकातून नुसता नवा फास बाहेर काढला तर? तिने खजुराच्या झावळीच्या दोन काड्या तासल्या. पहिला करून पाहिला तो हाच लाल तळवा. कोपर बरगडीला टेकलेलं असलं तरी काम पुढे सरकत होतं. हे तुमच्या खांद्यासाठी आहे, असं तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हातारी आणखीच भडकली असती.

रविवारी दिमयाना चर्चमध्ये आली नाही, घरीच थांबली. प्रार्थना संपल्यावर तदरोस गाढव आणायला गेला आणि रिफका सासूचं बोचकं बांधायला घरी आली. दिमयाना तिच्याकडे पाठ करून भिंतीशी बसली होती. कोनाडा रिकामा होता. चटईवर कुरळ्या लाल लोकरीचा ढीग पडला होता. अख्खा तळवा उसवलेला, एक टाका म्हणून ठेवला नव्हता.

रिफकाला रडू फुटलं.

"जायचं तर जा, आई," ती म्हणाली. "पण जाताना तेवढं तरी राहू द्यायचं होतं. तुमच्या खांद्यासाठी केलं होतं मी ते."

"ते का मला कळलं नव्हतं?" दिमयाना भिंतीलाच म्हणाली.

"मग उसवलंत कशाला?"

म्हातारी म्हणाली, "तुला विचारायचं जिवावर आलं. सासूनं सुनेपुढे शिकायला बसायचं? म्हटलं, शेवटचा फास कशातून निघतो ते बघू. मग त्याच्या आधीचा बघितला. मग त्याच्या आधीचा. तू जिथे थांबलीस तिथून निघाले आणि जिथून निघालीस तिथे पोचले."

ती वळली. तिच्या हातात केरसुणीतून उपसलेल्या दोन काड्या होत्या, आणि एका काडीला लाल लोकरीच्या चार वेड्यावाकड्या ओळी लटकत होत्या. तिने जीभ दाताखाली धरून एक फास काढला. मग आणखी एक. रिफका तिच्या खांद्याकडे बघत होती. तो जागचा हलत नव्हता.

रिफका डोळे पुसून तिच्याजवळ बसली. "इथे, खालच्या ओळीत, एक टाका गळलाय," ती म्हणाली.

"गळला? म्हणजे वाया गेलं सगळं?"

"वाया कसलं? तिथपर्यंत उसवायचं आणि परत घालायचं."

"झालेली चूक परत काढता येते?"

"येते की."

दिमयानाने ते चार ओळींचं काम गुडघ्यावर पसरलं आणि त्यावरून बोट फिरवत राहिली. जन्मभराच्या सुईकामात तिला असं कधी करता आलं नव्हतं. बाहेर गाढवाच्या टापा थांबल्या. तदरोसने पडलेल्या आवाजात हाक मारली, "आई, निघायचं ना?"

दिमयानाने मान वर केली नाही. तिने काड्या सुनेच्या हातात दिल्या आणि हळूच म्हणाली,

"मी जाते म्हणाले होते ना, तेही उसव."