उशीची कोरडी बाजू

आमच्या जर्मन पाणबुडीत दोघांत एकच बिछाना असे. माझा जोडीदार ओनो पहाऱ्यावर गेला की मी झोपायचो, मी गेलो की तो. उठणाऱ्यानं उशी उलटून कोरडी बाजू वर ठेवायची, हा आमचा रिवाज. “ऊठ रे आळशा, बिछाना गरम आहे तोवर पडू दे मला,” तो डिवचायचा. त्याच्या उबेत मला त्याच्याच गावची स्वप्नं पडत: समुद्राकाठचे बांध, चरणाऱ्या मेंढ्या. एका सकाळी पाणबुडी पाण्यावर असताना लाटेनं ओनोला वरच्या उघड्या पहाऱ्यावरूनच उचलून नेलं. बिछाना माझ्या एकट्याचा झाला, तरी उशी मी उलटतच राहिलो. युद्ध हरून घरी आलो. पहिल्याच दुपारी डोळा लागला, मेंढ्या दिसल्या. उठून उशी उलटली. “आता कोण झोपणार?” बायकोनं हसत विचारलं. “ओनो.” माझ्या पत्रांतून तिला सगळं ठाऊक होतं; ती हसायची थांबली. पडदा ओढून कुजबुजली, “चल, बाहेर बसू. दमून येईल बिचारा.”