गोठ्यातली पंगत

वर्षभर मी आईच्या गोठ्यातलं शेण डब्यांत भरून विद्यापीठात नेत होते. प्रयोग साधा होता. उजव्या रांगेतल्या गुरांच्या चाऱ्यात पोटातले चांगले जिवाणू वाढवणारी भुकटी घालायची, डाव्या रांगेला नुसता चारा द्यायचा, आणि कुणाच्या मांसात चरबीची जाळी बारीक उतरते ते बघायचं. कत्तलखान्यातून निकाल आला, तर दोन्ही रांगा सारख्याच! शेणातले जिवाणूसुद्धा सारखेच. मी तडक आमचं गाव, हेंगसॉंग गाठलं. आई घमेल्यातून नव्या गुरांना चारा घालत होती.

"आई, डावीकडच्यांनाही भुकटी घातलीस?"

"मग? होती तेवढी सगळ्यांना वाटली. एक चाटूनपुसून खातंय आणि समोरचं टुकूटुकू बघतंय, मला नाही बघवत. मुकी असली तरी घरातली खाणारी तोंडंच ना ती?"

"अगं, त्यांना न देणं हाच तर प्रयोग होता! माझं अख्खं वर्ष पाण्यात घातलंस!"

"चुलीत घाल तुझा प्रयोग. माझ्या गोठ्यात पंक्तिप्रपंच चालायचा नाही."

माझं डोकंच फिरलं. "गोठ्यात चालायचा नाही! आणि घरात? सणाला बरगडीचं मांस दादाच्या वाडग्यात आणि मला नुसता मुळ्याचा रस्सा, तेव्हा कुठं होतं हे शहाणपण?"

आई डाव्या रांगेकडे वळली.

"तेव्हा पळी तुझ्या आजीच्या हातात होती, बोराम. हे घमेलं माझ्या हातात आहे."